आयर्विनची पातळी आणि कापलेलं वाक्य : सांगलीतल्या एका हास्य-पॅनेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२३ पासून आम्ही काही मंडळी सांगलीत दर महिन्याला एक हास्य-पॅनेल भरवतो. मधे सूत्रसंचालक, दोन बाजूंना दोन-दोन पाहुणे, आणि महिन्याभरातल्या बातम्यांवर प्रश्न. उत्तर बरोबर येवो नाहीतर चुको, हशा आला की गुण. शंभर-सव्वाशे खुर्च्यांचा हॉल आहे. रेकॉर्डिंग अडीच तास चालतं आणि त्यातून चाळीस मिनिटांचा भाग करून आम्ही यूट्यूबवर टाकतो. संकलन मी करते. सात जणांची समिती आहे, त्यात आम्ही दोघी बायका. खाली कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

हा साचा मूळचा ब्रिटिश टीव्हीचा. ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ १९९० मध्ये सुरू झाला, ‘मॉक द वीक’ बीबीसीवर २००५ ते २०२२ चालला. आम्ही तो उचलला आणि त्यात कर्नाटकातलं अलमट्टी धरण, हळदीचा भाव, शंभर फुटी रस्ता आणि महापालिका भरली. साच्याबरोबर त्याचं दुखणंही, म्हणजे पॅनेलवरच्या एकट्या बाईला बोलू न देणं, आपल्या घरी आलंय, हे कळायला मात्र सोळा भाग जावे लागले.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं स्त्री-भूमिका पुरुषच करत आले. बालगंधर्वांचं नागठाणे याच जिल्ह्यातलं. तमाशाच्या गवळणीतली मावशी पुरुषच असते आणि टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसून आलेला नट अजूनही टाळ्या घेतो. मी याच परंपरेवर वाढले, तिच्यावर माझं प्रेम आहे. पण विनोदातली बाई म्हणजे पुरुषाने उभी केलेली बाई, ही सवय आपल्या कानांना फार जुनी आहे, एवढं ध्यानात ठेवावं लागतं.

मराठीत विनोदी बायकांची वानवा आहे असं कुणी म्हणू नये. निर्मिती सावंत, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांनी हॉलच्या हॉल हसवले आहेत. २०१८ मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सुरू झाली तेव्हा परीक्षकाच्या खुर्चीत सई ताम्हणकर होती, म्हणजे आमच्या सांगलीचीच. पण प्रहसनात आणि पॅनेलमध्ये एक मोठा फरक आहे. प्रहसनात वाक्य लिहिलेलं असतं. नटीची पाळी आली की समोरच्याला गप्प बसावंच लागतं, कारण संहिता तिच्या वाक्याची राखण करते. पॅनेलमध्ये अशी राखण करणारं कुणी नसतं. जो आधी आणि मोठ्याने बोलेल, वाक्य त्याचं.

जानेवारी २०२५ चं रेकॉर्डिंग

त्या भागाची पाहुणी तासगावहून आली होती. शाळेत मराठी शिकवते आणि एकपात्री प्रयोग करते. बाकीचे तिघे पुरुष, त्यातले दोघे आमचे नेहमीचे. सूत्रसंचालकांनी तिघांची ओळख करून दिली : एकांची पंधरा वर्षांची रंगभूमी, दुसऱ्यांचं वृत्तपत्रातलं सदर, तिसऱ्यांचे कॉलेजच्या दिवसांतले एकांकिकांचे करंडक. मग म्हणाले, “आणि आज पॅनेलची शोभा वाढवायला आपल्या ताई.” तिला विचारलेला पहिला प्रश्नही बातमीवरचा नव्हता : “ताई, स्वयंपाक करून आलात, का मिस्टरांना आज बाहेरचं?”

ती म्हणाली, “करून आले. तुम्ही काय करून आलात?”

हॉल हसला. प्रसिद्धीच्या छोट्या क्लिपसाठी मी हाच तुकडा निवडला, आणि चांगली निवड केली असंच तेव्हा वाटलं.

पुढे अलमट्टीची उंची वाढवण्याचा प्रश्न आला. ती म्हणाली, “आमच्या सासूबाईंना स्वतःचं बीपी माहीत नाही, पण आयर्विनखालची पातळी फूट-इंचात सांगतात.” आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथे मोजतात. सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ साली पाणी सत्तावन्नच्या वर गेलेलं. हे आकडे इथे पोराबाळांनाही पाठ असतात. तिचं ‘फूट-इंचात’ पुरतं तोंडातून बाहेर पडायच्या आत शेजारचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “सांगलीकराला बीपी विचारा, आयर्विनची पातळी सांगतो!” हॉल कोसळला. गुण त्यांना मिळाला.

संकलन करताना मला तिथे दोन आवाज एकमेकांत गुंतलेले दिसले. मी तिचं वाक्य काढलं, त्यांचं ठेवलं. त्यांचं स्वच्छ ऐकू येत होतं.

भाग प्रसिद्ध झाल्यावर तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. “ताई, आयर्विनचा विनोद माझा होता ना? घरच्यांना सांगून ठेवलं होतं, ते शोधत होते.”

पुन्हा ऐकल्यावर

मी सगळं रॉ फुटेज पुन्हा उघडलं. दोन रात्री हेडफोन लावून, वही घेऊन बसले. तिचं वाक्य मधेच तुटलं ते एकोणीस वेळा. बाकी तिघांचं मिळून अकरा वेळा. विनोदी गप्पांत एकमेकांना तोडणं चालायचंच, त्याला माझी हरकत नाही. पण पुरुषांचं वाक्य तुटलं की सूत्रसंचालक “हां, तुम्ही काय म्हणत होता?” म्हणून त्यांच्याकडे परत जात होते. तिच्याकडे ते एकदाच परत गेले. त्यांनी तिला थेट चार प्रश्न विचारले, त्यातले तीन घराबद्दलचे.

माईकची गोष्ट तर मला आधीच दिसायला हवी होती. पुरुषांना कॉलर माईक होते. त्या माईकची डबी पट्ट्याला अडकवतात. ती साडीत आली होती, डबी कुठे लावायची ते कुणी पाहिलं नाही, म्हणून तिच्या हातात हँड माईक दिला. तिला प्रत्येक वेळी माईक उचलून, बटण सरकवून मग बोलावं लागत होतं. जिथे अर्ध्या सेकंदावर सगळा खेळ चालतो तिथे ती दर वेळी एक सेकंद मागे होती, आणि पाहणाऱ्याला वाटत होतं की बाई जरा बुजते.

सगळ्यात जास्त लागलं ते माझ्याच कामाबद्दल. चाळीस मिनिटांच्या भागात तिची जी वाक्यं मी ठेवली होती, ती बहुतेक सगळी स्वयंपाक, मिस्टर आणि साडी यांवरच्या टोमण्यांना दिलेली उत्तरं होती. उत्तरं झकास होती. पण रस्त्यावरचे खड्डे, बँकेतली रांग, अलमट्टी यांवर ती जे बोलली ते सगळं गेलं होतं. पाहणाऱ्याला दिसली ती बाई असण्याबद्दल बोलणारी बाई. आणि कात्री माझ्या हातात होती. मीही बाईच, म्हणून मी वेगळी कापेन असं काही घडलं नव्हतं.

मग मागचे भाग मोजले. सोळा भाग, चौसष्ट जागा, त्यांतल्या अकरांवर बायका. पाच भागांत एकही नाही आणि उरलेल्या अकरांत प्रत्येकी एक. दोघी एका वेळी कधीच नाहीत. त्या अकरा जागांवर आलेल्या बायका आठ, आणि त्यांतल्या सहाजणी एकदा येऊन गेल्या त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

समोर कोणते पर्याय होते

फेब्रुवारीच्या बैठकीत मी वही ठेवली. सूत्रसंचालकांना वाईट वाटलं, आणि ते खरंच वाटलं होतं. “मी ताई म्हणतो, मान देतो. शोभा वाढवायला म्हटलं यात अपमान कसला?” त्यांच्याबद्दल मला आदर आहे. या शहरातल्या कितीतरी नव्या पोरांना त्यांनी पहिला माईक दिलाय. मी एवढंच म्हटलं, की बाकी तिघांना तुम्ही कामावरून ओळखलंत आणि तिला हजेरीवरून.

दुसऱ्या एका सदस्यांचं म्हणणं, “आपण विचारतोच की. बायकाच नको म्हणतात.” हे ब्रिटनमध्येही म्हणून झालंय. २०१८ मध्ये ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’वर कायम असणाऱ्या इयन हिसलॉप यांनी असंच सांगितलं होतं, की सूत्रसंचालनाला बोलावलं तर बायका संकोचाने नाही म्हणतात. मी समितीकडून मुदत मागून घेतली आणि त्या सहाजणींपैकी पाचजणींना फोन केले. एकीला रात्री अकरा वाजता सुटून घरी जायची सोय नव्हती. एकीच्या नात्यातल्या कुणी क्लिप घरच्या ग्रुपवर टाकून नको ते लिहिलं होतं. दोघी म्हणाल्या, मजा आली नाही, बोलायलाच मिळालं नाही. पाचवी म्हणाली, “मी कुठे नको म्हटलं? तुम्ही परत विचारलंच नाही.” माझ्याजवळ यावर उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्याच महिन्यात ‘इंडियाज गॉट लेटेन्ट’ या यूट्यूबवरच्या विनोदी कार्यक्रमाचा गदारोळ उठला आणि महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवला. वाद पेटला होता एका पुरुष पाहुण्याच्या प्रश्नावरून. पण त्या पॅनेलवरच्या एकट्या तरुणीला ज्या बलात्काराच्या आणि जीव घेण्याच्या धमक्या आल्या, त्या तिने एप्रिलमध्ये जगासमोर मांडल्या. आमच्या बैठकीत या प्रकरणातून निघालेला निष्कर्ष असा : “काही महिने बायका नकोतच. कशाला उगं अंगाशी घ्यायचं?” म्हणणाऱ्याचा हेतू काळजीचा होता. पण धमक्या दुसऱ्यांनी द्यायच्या आणि खुर्ची तिची काढायची, ही काळजी मला मान्य नव्हती. हा पर्याय मी आणि खजिनदारबाईंनी अडवला.

मार्चमध्ये महिला दिन विशेष करायची कल्पना सगळ्यांना आवडली. चारही बायका, सूत्रसंचालक बाई, मागे गुलाबी पडदा. मलाही क्षणभर मोह झाला. पण विषय काय असणार हे यादी करायला बसताच दिसू लागलं : सासू, नवरा, पार्लर. वर्षातून एकदा सगळ्या जागा द्यायच्या म्हणजे अकरा महिने हात झटकायची मुभा. तोही बाद केला, आणि मार्चचा भाग झालाच नाही.

संख्येच्या नियमावर सर्वांत जास्त वाद झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या टीव्ही विभागाचे प्रमुख डॅनी कोहेन यांनी जाहीर केलं की यापुढे फक्त पुरुषांचं पॅनेल चालणार नाही. तेव्हा डारा ओ ब्रीएन हा विनोदवीर म्हणाला की नियम करायचा तर गाजावाजा न करता करावा, नाहीतर येणाऱ्या प्रत्येक बाईकडे लोक भरतीची म्हणून बघतील. त्याची ही भीती मला पटते. पण माझा मुद्दा दुसरा होता. निदान एक असा नियम केला की एकच येते, आणि एकटी बाई सगळ्या बायकांची प्रतिनिधी होऊन बसते. तिचा विनोद पडला तर ‘बायकांना जमत नाही’, चालला तर ‘बाई असून काय बोलली!’ म्हणून मी कमीत कमी दोघींचा हट्ट धरला.

आणि जागा देऊन खेळ तसाच ठेवला तर काय होतं याचा दाखलाही होता. ‘मॉक द वीक’मध्ये एका माईककडे धाव घ्यायची फेरी असायची. जो ब्रँड ही तिथली मुरलेली विनोदकार. तिने तो कार्यक्रम सोडला, कारण शेजाऱ्याचा पाय चावल्याशिवाय बोलायला मिळत नाही, अशा अर्थाचं ती म्हणाली होती. तिच्यासारखीला जे नकोसं झालं, त्यात आम्ही तासगावच्या शिक्षिकेला बसवलं होतं, तेही हँड माईक देऊन.

काय केलं

एप्रिलपासून प्रत्येक पॅनेलवर कमीत कमी दोघी. त्याची घोषणा कुठेही केली नाही.

रेकॉर्डिंग शनिवारी रात्री आठला असायचं, ते रविवारी दुपारी चारला आणलं. सातपर्यंत सुटतं, एसटी मिळते. नेहमीच्या दोघांना पेट्रोलचे तीनशे रुपये आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ अशी पद्धत होती. आता सगळ्यांना सारखाच प्रवासखर्च. कुणी काही घालून येवो, कमरेला बांधता येतील असे चार पट्टे आणले. फार खर्च आला नाही. दीड वर्षं ते कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

ओळखीच्या दोन ओळी आता पाहुणे स्वतः लिहून देतात. घराबद्दलचा प्रश्न विचारायचा तर चौघांनाही. आणि एकाचा विनोद दुसऱ्याने मोठ्याने म्हटला तर सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे “हे आत्ता त्यांनी म्हटलं” असं सांगून पहिल्या माणसाला वाक्य पुरं करू द्यायचं.

हे शेवटचं अवघड गेलं. मी बैठकीत २०१७ मधला एक प्रसंग दाखवला. ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’च्या सूत्रसंचालकाच्या खुर्चीत त्या दिवशी जो ब्रँड होती, पॅनेलवर सगळे पुरुष. ब्रिटिश संसदेतल्या लैंगिक छळाच्या आरोपांची चेष्टा चालली होती. तिने ती शांतपणे थांबवली आणि सांगितलं की गोष्ट फार मोठी नसली तरी सतत छोट्या छोट्या गोष्टी होत राहिल्या की बाईला जाच होतो. हॉलने टाळ्या वाजवल्या. ती खुर्चीत होती म्हणून हे जमलं. तिथूनच आमच्याकडे खुर्ची फिरती ठेवायचं ठरलं. ‘क्यूआय’ या ब्रिटिश विनोदी प्रश्नमंजुषेची खुर्ची २०१६ मध्ये स्टीफन फ्रायकडून सँडी टॉक्सविगकडे गेली आणि कार्यक्रम सुखरूप चालू राहिला, हे उदाहरण कामी आलं.

संकलनात मी माझ्यावरच एक बंधन घातलं. भाग पक्का करण्याआधी खजिनदारबाई तो बघतात, आणि कुणाची कोणत्या विषयावरची वाक्यं उरली ते लिहून काढतात.

जानेवारीचा भागही मी पुन्हा कापला. तिचा माईक वेगळ्या ट्रॅकवर होता. शेजाऱ्यांचा आवाज खाली घेतला आणि तिचं वाक्य पूर्ण ऐकू आलं. पहिल्याच वेळी हे दहा मिनिटांत जमण्यासारखं होतं. प्रेक्षकांकडे लावलेल्या माईकवर आणखी काहीतरी होतं. शेजारचे बोलू लागायच्या आधी, तिच्या ‘बीपी माहीत नाही’ला, पुढच्या रांगेतून एक बाई हसायला लागल्या होत्या.

काय झालं

एप्रिलचा पहिला भाग फसला. नियम जपायच्या धास्तीने सूत्रसंचालकांनी एकेकाला पाळीने बोलावलं आणि हॉलमध्ये प्रकट वाचनाच्या तासासारखी शांतता पसरली. मेपासून पाळी काढून टाकली, वाक्य परत देण्याचा नियम तेवढा ठेवला. मग रंगत आली. लोक पुन्हा एकमेकांवर तुटून पडू लागले, बायकाही तुटून पडू लागल्या.

नेहमीच्या दोघांपैकी एकजण सोडून गेले. त्यांच्या मते विनोदाला हिशेब लावला की विनोद मरतो. त्यांची उणीव भासते, ते फार हजरजबाबी होते.

डिसेंबरपर्यंतच्या नऊ भागांत छत्तीस जागांपैकी सतरांवर बायका होत्या. एक ऐनवेळी आजारी पडली, म्हणून एक कमी. ऑगस्टच्या भागात दोघींपैकी एकीचं काहीच जमलं नाही, पार आपटली. बाहेर पडताना लोक म्हणत होते, “ती डावीकडची नाही रंगली.” मी ते ऐकून थांबले. उजवीकडच्या बाईंनी हॉल डोक्यावर घेतला होता, म्हणून डावीकडचीचं अपयश तिच्या एकटीचं राहिलं.

सप्टेंबरमध्ये मिरजेच्या एका नर्सबाईंनी खुर्ची सांभाळली. प्रसूतीच्या वॉर्डात वीस वर्षं काढलेली बाई, तिला चारजणांचा एकदम ओरडा म्हणजे काहीच नव्हे. आमचे सूत्रसंचालक त्या दिवशी पाहुण्याच्या जागेवर होते. नंतर चहा घेताना मला म्हणाले, “तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. तिकडून बसून हे कळत नाही ओ.”

आज वेगळं काय करीन

मेसेज आल्यावर मी तिला लगेच “सॉरी, बघते” एवढंच लिहिलं आणि दोन महिने मोजमापात, बैठकांत गेले. त्या काळात जुना भाग तसाच लोक बघत होते. आधी तो दुरुस्त करायला हवा होता, तक्ते नंतर. आणि नवा भाग टाकताना “संकलनात बदल” असं मोघम लिहिलं. विनोद कुणाचा होता आणि आमच्याकडून तो दुसऱ्याच्या नावावर गेला, हे स्पष्ट लिहायला हवं होतं. समितीला शेजारच्या गृहस्थांचा मान सांभाळायचा होता. मी वाद घातला नाही.

सगळे बदल तिला न विचारता ठरवले, हीसुद्धा चूकच. आम्ही पाचजणींना फोन केले, पण ज्या प्रसंगावरून हे सगळं सुरू झालं त्या प्रसंगातल्या बाईला काय हवंय हे शेवटी विचारलं.

जूनमध्ये मी तिला पुन्हा बोलावलं. नवी वेळ सांगितली, पट्ट्याचं सांगितलं, दोघींचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कापायला कोण बसणार आहे?”

“मीच,” मी म्हटलं.

“मग बघू,” ती म्हणाली.

त्यानंतरही दर महिन्याच्या यादीत तिचं नाव मी वर लिहिते आणि फोन करते. दिवाळीच्या वेळी तिने विचारलं की दुसरी कोण येणार आहे. अजून ती आलेली नाही.